जीटीएक्स ४८० ला सहा महिने उशीर का झाला? फर्मीचं पूर्ण प्रकरण

नवीन ग्राफिक्स कार्ड लेट झालं की सगळ्यांचं पहिलं बोट फॅक्टरीकडे जातं. यील्ड (बनवलेल्या चिपपैकी चांगल्या किती निघतात ते प्रमाण) खराब आहे, चिप बनवणाऱ्या टीएसएमसीला जमत नाहीये, विषय संपला. बऱ्याचदा त्यात तथ्य असतंही, पण नेमकं किती तथ्य आहे ते बाहेरून कळायला मार्ग नसतो कारण तुलना करायला दुसरं काही नसतं. २००९-१० चं एनव्हिडियाच्या फर्मीचं, म्हणजे जीटीएक्स ४८० ज्या आर्किटेक्चरवर (चिपच्या मूळ रचनेवर) होतं त्याचं, प्रकरण मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे तुलना आयती मिळते. दोन कंपन्या (एनव्हिडिया आणि एएमडी), एकच फॅक्टरी, एकच ४० नॅनोमीटर प्रोसेस (चिप बनवायची पद्धत, आकडा लहान तितके ट्रान्झिस्टर बारीक), जवळपास तेच महिने, आणि एकीचं कार्ड सप्टेंबरमध्ये दुकानात, दुसरीचं पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, तेही चिपचा एक भाग बंद करून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टीएसएमसीची अडचण खरी होती, चिप अवाढव्य होती हेही खरं, पण सहा महिने गेले ते मुख्यतः चिपच्या आतल्या एका अशा भागामुळे ज्याची जबाबदारी कंपनीत कोणत्याच एका टीमकडे नव्हती. आणि हे मी मनाने सांगत नाहीये, एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी स्वतः नंतर हे सांगितलंय, त्यावर पुढे येतोच.

आधी काय घडलं ते क्रमाने.

२३ सप्टेंबर २००९ ला एएमडीने रेडिऑन एचडी ५८७० आणलं. ३३४ चौरस मिलिमीटरची चिप, २.१५ अब्ज ट्रान्झिस्टर, १६०० स्ट्रीम प्रोसेसर, पॉवर १८८ वॉट, किंमत ३७९ डॉलर. डायरेक्टएक्स ११ (विंडोजवर गेम आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) चालवणारं पहिलं कार्ड. आणि विंडोज ७ महिन्याभरात, २२ ऑक्टोबरला येणार होतं, म्हणजे लोक नवीन पीसी घेणार तेव्हा डायरेक्टएक्स ११ चं कार्ड हवं तर एकच दुकान उघडं. एनव्हिडियाकडे तेव्हा जीटीएक्स २८५ होतं, ५५ नॅनोमीटरचं, जुन्या डायरेक्टएक्स १० वालं, आणि नवीन कार्डने त्याला आरामात मागे टाकलं.

बरोबर एका आठवड्याने, ३० सप्टेंबरला, सॅन होझेमध्ये एनव्हिडियाची जीटीसी परिषद होती, तिथे हुआंग यांनी फर्मी जाहीर केलं. ३ अब्ज ट्रान्झिस्टर, ५१२ कोअर (हिशोब करणारे छोटे प्रोसेसर), ३८४ बिटची जीडीडीआर५ मेमरी, ईसीसी (मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी सोय), खरी कॅश (चिपवरच्या जलद मेमरीची) रचना, डबल प्रिसिजनचा (जास्त अचूक आकडेमोडीचा) वेग सिंगलच्या निम्मा. कागदावर ते खरंच जबरदस्त होतं. पण क्लॉक स्पीड (चिप किती वेगाने चालते) सांगितला नाही, किंमत नाही, तारीख नाही, गेममध्ये किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) येतील ते नाही. स्टेजवर त्यांनी एक कार्ड हातात धरून दाखवलं, त्याचे फोटो लोकांनी झूम करून बघितले आणि लक्षात आलं की हे काही चालणारं कार्ड असू शकत नाही, साधे लाकडाचे स्क्रू मारलेत, बोर्ड मागून कापल्यासारखा दिसतोय. एनव्हिडियाने मग मान्य केलं की हातातलं कार्ड मॉक-अप (नुसता दिखाऊ नमुना) होतं, डेमो मात्र खऱ्या चिपवर चालवला होता. मला स्वतःला त्या स्क्रूंपेक्षा क्लॉक न सांगणं जास्त बोलकं वाटतं, कारण मॉक-अप तर सगळेच वापरतात, पण चिप हातात येऊन नीट चालत असेल तर क्लॉक साधारण कुठे जाणार हे कंपनीला माहीत असतंच.

मग जानेवारी २०१० मध्ये लास व्हेगसच्या सीईएस प्रदर्शनात चालू कार्डं दाखवली, त्याच महिन्यात आर्किटेक्चरचे तपशील दिले, फेब्रुवारीत लाँचची तारीख आली, आणि शेवटी २६ मार्च २०१० ला बॉस्टनमध्ये पॅक्स ईस्ट या गेमिंग मेळाव्यात जीटीएक्स ४८० आणि ४७० लाँच झाली. ४९९ आणि ३४९ डॉलर. लाँच झाली म्हणजे घोषणा झाली, प्रत्यक्ष विक्री एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून. तोपर्यंत एएमडीने वरपासून खालपर्यंत अख्खी रांग लावून टाकली होती, ऑक्टोबरमध्ये ५७७० आणि ५७५०, नोव्हेंबरमध्ये दोन चिपवालं ५९७०, जानेवारीत ५६७०. डायरेक्टएक्स ११ म्हणजे एएमडी, असे सहा महिने गेले.

आणि जे आलं ते पूर्ण नव्हतं. चिपमध्ये १६ ब्लॉक, प्रत्येकात ३२ कोअर, असे ५१२. जीटीएक्स ४८० मध्ये १५ ब्लॉक चालू, ४८० कोअर. ४७० मध्ये १४, म्हणजे ४४८. कॉम्प्युटिंगसाठीची टेस्ला सी२०५० कार्डं, जी कितीतरी महाग विकली जायची, त्यातही ४४८ च. म्हणजे पूर्ण ५१२ वाली ही चिप कुठल्याच दुकानात कधी आली नाही. पॉवर २५० वॉट लिहिलेली, रिव्ह्यू करणाऱ्यांनी जोरात ताणल्यावर त्याच्याही वर गेली, तापमान नव्वदीच्या पुढे, पंख्याचा आवाज वेगळा. आणि एवढं करून वेग ५८७० पेक्षा साधारण १०-१५ टक्के जास्त. टेसेलेशनमध्ये (पृष्ठभागाचे बारीक तुकडे करून जास्त तपशील दाखवण्यात) मात्र खूपच पुढे होतं हे कार्ड, ते श्रेय द्यायलाच हवं.

आता कारणं. मी तीन बघतो, पण तिन्ही सारख्या वजनाची नाहीत.

चिपचा आकार

हे समजायला सोपं आहे म्हणून पटकन सांगतो. फर्मीची पहिली चिप, जीएफ१००, ५२९ चौरस मिलिमीटरची. ३०० मिलिमीटरच्या गोल वेफरवर (सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप बनतात) भूमितीने हिशोब केला तर अशा साधारण १०० च्या थोड्या वर चिप बसतात, ३३४ वाल्या पावणेदोनशेच्या आसपास. पण खरा फटका संख्येचा नसतो, दोषांचा असतो. उदाहरणासाठी धरू की दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.४ दोष आहेत (हा आकडा मी हिशोबापुरता घेतलाय, टीएसएमसीचा खरा आकडा नाही). साध्या गणिताने छोटी चिप निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, मोठीची सुमारे १२. म्हणजे एका वेफरमधून छोट्या ४५ च्या आसपास चांगल्या, मोठ्या फक्त १२-१३. आकार दीडपटीपेक्षा थोडा जास्त, पण चांगल्या चिप जवळजवळ चौथा हिस्सा. एखादा ब्लॉक बंद करून चिप वाचवायची पद्धत यासाठीच आहे, आणि ४८० मध्ये तेच केलंय.

पण एवढ्याने सहा महिन्यांचा उशीर समजत नाही हो. एनव्हिडियाने याआधी जून २००८ मध्ये ५७६ चौरस मिलिमीटरची जीटीएक्स २८० ची चिप विकली होती, ती यापेक्षाही मोठी होती. मोठी चिप महाग पडते, कमी निघते, पण फक्त मोठी आहे म्हणून अर्धं वर्ष रखडत नाही.

टीएसएमसीची ४० नॅनोमीटर प्रोसेस

इथे जरा थांबायला हवं कारण इथेच दोन कंपन्यांची वाट वेगळी होते.

प्रोसेस खराब होती यात वाद नाही. २००९ मध्ये टीएसएमसीला चेंबर मॅचिंगचा त्रास झाला, म्हणजे एकाच कामाची वेगवेगळी मशीन वेफरवर वेगवेगळा परिणाम देत होती, जानेवारी २०१० मध्ये त्यांनी ते सुटल्याचं जाहीर केलं. याचा मार एएमडीलाही बसला, ५८७० आणि त्याच्या खालचं ५८५० ही वेळेवर आली खरी पण २००९ च्या शेवटी मिळता मिळत नव्हती, आणि नवीन कार्डाची किंमत काही महिन्यांत उतरते त्याऐवजी ती चढली. म्हणून एएमडीचं सगळं सुरळीत होतं असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

पण डिझाइन करणाऱ्याच्या नजरेने त्या प्रोसेसमध्ये दोन खास अडचणी होत्या. पहिली व्हायाची. चिपमध्ये तारांचे थर एकावर एक असतात, आणि एका थरातून दुसऱ्या थरात जायला बारीक उभी जोडणी लागते तिला व्हाया म्हणतात. अशा जोडण्या प्रचंड संख्येने असतात, आणि ४० नॅनोमीटरवर त्या अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत होत्या. दुसरी अडचण ट्रान्झिस्टरमधल्या फरकाची. सगळे ट्रान्झिस्टर एकाच मापाचे आखले तरी प्रत्यक्षात काहींचं चॅनेल (ज्यातून करंट वाहतो तो भाग) थोडं आखूड, काहींचं थोडं लांब निघत होतं. आखूड असेल तर वेगवान पण गळती (बंद असतानाही वाहणारा करंट) जास्त, लांब असेल तर मंद. आता चिप तर एकच व्होल्टेज घेते, मग मंद असलेल्यांना चालवायला व्होल्टेज वाढवा आणि ते वाढवलं की वेगवान असलेले आणखी गळतात, गळतीची उष्णता होते आणि उष्णतेने गळती परत वाढते. जीटीएक्स ४८० चे २५० वॉट आणि नव्वदीपलीकडचं तापमान बघितलं की त्यात याचा मोठा हात दिसतो.

एएमडीला हे आधी कसं कळलं? त्यांनी एक छोटी चिप आधी करून बघितली म्हणून. आरव्ही७४०, एप्रिल २००९ च्या शेवटी रेडिऑन एचडी ४७७० नावाने आलेली, १३७ चौरस मिलिमीटर, ८२.६ कोटी ट्रान्झिस्टर, पण जीडीडीआर५ असलेली, म्हणजे अगदी खेळणं नव्हे. आर्किटेक्चर जुनंच, प्रोसेस नवीन. बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे ओळखता यावं अशी ती मांडणी होती. त्यातून व्हायाचा आणि फरकाचा दोन्ही प्रॉब्लेम समोर आले, आणि मोठ्या चिपमध्ये त्यांनी व्हाया दुहेरी टाकल्या, एक गेली तरी दुसरी आहे, आणि फरकाला नाजूक असलेली सर्किटं बदलून घेतली. याने चिपची जागा वाढते, म्हणजे प्रत्येक चिपमागे थोडे पैसे जातात, ते त्यांनी घालवले.

त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की त्यांनी मूळ आराखड्यातली चिप कापून लहान केली. सुरुवातीला ती ३३४ पेक्षा बरीच मोठी ठरली होती, पण ती तशी बनवली तर वेळेत होणार नाही हे दिसल्यावर फीचर काढले. विंडोज ७ ची वेळ गाठायची हे आधी ठरलं आणि चिपमध्ये काय बसेल ते त्यानंतर. हा शहाणपणा आकाशातून पडला नव्हता, त्यांचं स्वतःचं आर६००, म्हणजे एचडी २९०० एक्सटी, मे २००७ मध्ये एनव्हिडियाच्या ८८०० जीटीएक्सच्या सहा महिने मागून आलं होतं, मोठं, गरम आणि मागे पडलेलं. त्याचे चटके बसलेली टीम होती ही.

एनव्हिडियानेही छोट्या ४० नॅनोमीटर चिप आधी केल्याच होत्या, जून २००९ मध्ये लॅपटॉपसाठी जाहीर झाल्या. त्यामुळे छोटी चिप केली नाही म्हणून फसले असं सरळ म्हणता येत नाही, प्रश्न हा आहे की छोट्या चिपमधून कळलेलं मोठ्या चिपच्या आराखड्यात शिरायला वेळ उरला होता का, आणि जीएफ१०० सप्टेंबरमध्ये ज्या अवस्थेत होती ते बघता तो फारसा उरला नव्हता असं मला वाटतं. शिवाय त्यांनी एकाच वेळी सगळंच नवीन घेतलं होतं, आर्किटेक्चर नवीन, कॅश नवीन, ईसीसी नवीन, ग्राफिक्सची पाइपलाइन फोडून वाटलेली तीही नवीन, प्रोसेस नवीन, आणि वर आकार जवळपास कमाल. अशा चिपमध्ये काही बिघडलं तर नेमकं कशामुळे ते शोधायलाच आठवडे जातात.

आतल्या तारा

आता मुख्य मुद्दा. चिपमधले १६ ब्लॉक एकटे काही कामाचे नाहीत, त्यांना सामायिक एल२ कॅशशी आणि मेमरी कंट्रोलरशी बोलावं लागतं, आणि त्यासाठी मधोमध तारांचं प्रचंड दाट जाळं असतं. एनव्हिडियाचे लोक त्याला फॅब्रिक म्हणतात. लांब, एकमेकांना खेटून धावणाऱ्या तारा. एका तारेतला सिग्नल बदलला की शेजारच्या तारेवर त्याचा परिणाम होतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सॉफ्टवेअर त्याचा अंदाज बांधून सांगतं की चालेल का नाही. सॉफ्टवेअरने सांगितलं चालेल. चिप बनून आली आणि चाललं नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये हुआंग यांनी हे उघडपणे सांगितलं. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा की मॉडेल, टूल्स आणि प्रत्यक्ष सिलिकॉन यांच्यात मोठी दरी निघाली, पहिली फर्मी हातात आली तेव्हा प्रोसेसर ठीक होते पण त्यांच्यातली जोडणी पूर्ण मोडलेली होती. बिल्डिंगमधली सगळी घरं राहायला तयार पण जिनाच नाही, अशी अवस्था. आणि पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, की हे काही फार अवघड होतं म्हणून फसलं नाही, ते दोन विभागांच्या मध्ये पडलं म्हणून फसलं. फॅब्रिकमध्ये आर्किटेक्चरचा भाग आहे, लॉजिकचा आहे आणि भौतिकशास्त्राचाही आहे. भौतिकशास्त्र जाणणारे इंजिनियर एका विभागात, आर्किटेक्चर जाणणारे दुसऱ्या, आणि फॅब्रिक बरोबर मधोमध. ही व्यवस्थापनाची चूक होती असं त्यांनी स्पष्ट म्हटलं.

एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने फॅक्टरीवर न ढकलता असं सांगणं याची मला मनापासून कदर आहे. कारण त्या वेळी टीएसएमसीवर ढकलणं अगदी सोपं होतं, अख्खं जग तेच म्हणत होतं.

आता यात वेळ कसा जातो ते बघा. चिप बनून आल्यावर चूक सापडली की नवीन आवृत्ती काढावी लागते, तिला स्टेपिंग म्हणतात. ए१ पहिली, फक्त धातूच्या तारांचे थर बदलले तर ए२, मग ए३, आणि खालचे ट्रान्झिस्टरच बदलायचे तर बी१. तारांची दुरुस्ती तुलनेने जलद, कारण ट्रान्झिस्टरपर्यंत तयार झालेले वेफर बाजूला ठेवून त्यावर नवीन थर चढवता येतात, तरीसुद्धा चूक शोधणं, दुरुस्त करणं, फॅक्टरीतून परत येणं आणि तपासणं यात एकेका फेरीला साधारण दोन-तीन महिने सहज जातात. बाजारात आलेल्या जीटीएक्स ४८० च्या चिपवर ए३ छापलेलं आहे. म्हणजे पहिल्या चिपनंतर दोन फेऱ्या. सहा महिन्यांतला मोठा तुकडा इथेच सापडतो, लाँच नेमका मार्चमध्येच का झाला हे कळायला वेगळं काही शोधावं लागत नाही.

आणि ए३ करूनही मुळाशी जाता आलं नाही, कारण व्हाया आणि ट्रान्झिस्टरमधला फरक हे तारांचे थर थोडे बदलून पूर्ण सुटणारे प्रश्न नव्हते. त्यासाठी खालपासून परत आखायला हवं होतं, आणि तेवढं थांबले असते तर २०१० पण हातचं गेलं असतं. म्हणून एक ब्लॉक बंद, व्होल्टेज वर, पंखा मोठा, आणि द्या बाजारात. कोणी काहीही म्हणो, त्या क्षणी हाच निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे.

पुरावा कुठे आहे?

हे सगळं नुसतं एका माणसाच्या सांगण्यावर नाही. ९ नोव्हेंबर २०१० ला जीटीएक्स ५८० आलं. आर्किटेक्चर तेच फर्मी, फॅक्टरी तीच, प्रोसेस तीच ४० नॅनोमीटर, ट्रान्झिस्टर तेच ३ अब्ज, आकार ५२० चौरस मिलिमीटर म्हणजे जवळपास तेवढाच. पण ५१२ च्या ५१२ कोअर चालू, क्लॉक ७०० वरून ७७२ मेगाहर्ट्झ, आणि पॉवर उलट थोडी कमी, २४४ वॉट. किंमत तीच ४९९. गळती कमी व्हावी म्हणून कुठे कोणता ट्रान्झिस्टर वापरायचा हे परत बसवलेलं, कूलर सुधारलेला, दोन-चार छोटे बदल आणखी. आर्किटेक्चर वाईट असतं किंवा ४० नॅनोमीटरवर एवढी चिप शक्यच नसती तर हे कार्ड जन्मालाच आलं नसतं. त्यामुळे ४८० ला बघून फर्मी फसलं म्हणणारे आणि टीएसएमसीने फसवलं म्हणणारे, दोघांनाही ५८० चं उत्तर द्यावं लागतं. प्रोसेस आठ महिन्यांत परिपक्व झाली हा हिस्सा मान्य, पण नुसत्या प्रोसेसने हा फरक पडत नाही, डिझाइन खालून परत केलं होतं.

मधल्या काळात जुलै २०१० ला जीटीएक्स ४६० आलं होतं, ३३२ चौरस मिलिमीटर, १९९ आणि २२९ डॉलरला, आणि तेच खऱ्या अर्थाने लोकांचं फर्मी ठरलं. आकार बघा, एएमडीच्या ५८७० एवढाच. ही चिप आधी आणि मोठी नंतर असा क्रम लावला असता तर सगळी गोष्ट वेगळी झाली असती असं मला आजही वाटतं.

उशिराची किंमत किती पडली? २०१० च्या दुसऱ्या तिमाहीत वेगळ्या ग्राफिक्स चिपच्या विक्रीत एएमडी थोडी का होईना पण एनव्हिडियाच्या पुढे गेली, जे कितीतरी वर्षं झालं नव्हतं. ज्यांनी पीसी त्या हिवाळ्यात बनवला त्यांनी वाट बघून बघून शेवटी ५८५० घेतलं, आणि घेतलेलं कार्ड माणूस दोन-तीन वर्षं बदलत नाही, म्हणून सहा महिन्यांचा उशीर प्रत्यक्षात सहा महिन्यांपुरता राहत नाही.

पण दुसरी बाजू पण सांगायलाच हवी. ज्या गोष्टींमुळे चिप एवढी जड झाली, ईसीसी, कॅश, डबल प्रिसिजन, त्याच गोष्टींनी एनव्हिडियाला सुपरकॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. नोव्हेंबर २०१० ला चीनचा तियान्हे-१ए जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर म्हणून टॉप५०० यादीत पहिला आला, २.५७ पेटाफ्लॉप्स, आणि त्यात ७१६८ टेस्ला एम२०५० होते, सगळे फर्मी. आज ग्राफिक्स चिपवर जे काही चाललंय त्याची वाट तिथून जाते. त्यामुळे एनव्हिडियाने एवढी महत्त्वाकांक्षा ठेवायला नको होती असं मी म्हणणार नाही. गेमरला त्यातलं फारसं काही मिळालं नाही हेही तितकंच खरं, जीटीएक्स ४८० मध्ये डबल प्रिसिजन मुद्दाम एक अष्टमांशावर आणून ठेवलं होतं, म्हणजे त्या हार्डवेअरच्या जागेचे आणि उशिराचे पैसे गेमरने भरले पण वापर दुसऱ्याने केला.

सध्या एखाद्या कार्डाची वाट बघत असाल तर या प्रकरणातून दोन-तीन गोष्टी थेट वापरता येतात. घोषणेत क्लॉक, पॉवर आणि किंमत तिन्ही आहेत का बघा, नसतील तर चिप अजून दुरुस्तीच्या फेऱ्यात असण्याची शक्यता बरीच आहे. सगळ्यात वरच्या कार्डातसुद्धा कोअर बंद ठेवलेत का बघा, थोडे बंद असणं आता नेहमीचं झालंय पण पहिल्या काही महिन्यांत पूर्ण चिप कुठेच, अगदी महागड्या सर्व्हर कार्डातही दिसत नसेल तर यील्डवर ताण आहे. आणि उत्पादन सुरू झालंय हे वाक्य ऐकून पैसे बाजूला काढू नका, वेफर फॅक्टरीत शिरल्यापासून कार्ड हातात येईपर्यंत काही महिने असतातच. दोष फॅक्टरीचा की डिझाइनचा हे बाहेर यायला वेळ लागतो हेही ध्यानात असू द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लॅकवेल पिढीच्या चिपच्या वेळी एनव्हिडियाने यील्ड सुधारायला मास्क (चिपची नक्षी छापायचा साचा) बदलल्याचं सांगितलं, टीएसएमसीशी वाजलंय अशा बातम्या सुरू झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये हुआंग यांनी सांगितलं की दोष डिझाइनचा होता आणि तो शंभर टक्के एनव्हिडियाचाच, टीएसएमसीने उलट सावरायला मदत केली.

फर्मीनंतर एनव्हिडियाने काय बदललं ते पुढच्या पिढीत स्वच्छ दिसतं. एएमडीचं एचडी ७९७० जानेवारी २०१२ ला दुकानात आलं, आणि एनव्हिडियाने २८ नॅनोमीटरवर मोठी चिप आणायच्या भानगडीत न पडता २२ मार्च २०१२ ला जीटीएक्स ६८० आणलं, २९४ चौरस मिलिमीटर, ३.५४ अब्ज ट्रान्झिस्टर, १९५ वॉट, ४९९ डॉलर, आणि चिप पूर्ण चालू. म्हणजे अडीच महिन्यांत गाठलं. याच पिढीची, म्हणजे केप्लरची, मोठी चिप, जीके११०, ५६१ चौरस मिलिमीटरची, ती आधी गेली ओक रिजच्या टायटन सुपरकॉम्प्युटरला, १८,६८८ टेस्ला के२०एक्स, जिथे एक ब्लॉक बंद असला तरी चालतं आणि किंमतही मिळते. मग फेब्रुवारी २०१३ ला ९९९ डॉलरचं जीटीएक्स टायटन, तेही १५ पैकी १४ ब्लॉक चालू ठेवून, आणि सगळे ब्लॉक चालू असलेलं गेमिंग कार्ड, जीटीएक्स ७८० टीआय, थेट नोव्हेंबर २०१३ ला. ६८० नंतर दीड वर्षाहून जास्त. पण ६८० दुकानात मिळत होतं आणि चांगलं चालत होतं, त्यामुळे मोठी चिप लेट झाली अशी ओरड यावेळी कोणी केली नाही.